शेअर केलेला फोल्डर आणि अडकणारे कॉम्प्युटर

मागच्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसातनं फोन आला, कॉम्प्युटर हँग होतात म्हणून. गेलो. अकाउंटला बसणाऱ्या ताई म्हणाल्या, दादा दिवसातनं पाच-सहा वेळा होतंय, बिल करता करता स्क्रीन पांढरट पडते, वरती नॉट रिस्पॉन्डिंग येतं, मिनिटभर काही म्हणजे काही चालत नाही आणि मग कधी आपोआप सुरू होतं तर कधी एरर देऊन सॉफ्टवेअरच बंद पडतं. मालकांनी तोवर दोन मशीन फॉरमॅट करून घेतल्या होत्या, तिसऱ्यात रॅम वाढवून घेतली होती, फरक काहीच नाही. मी एवढंच विचारलं, ताई, तुमचा एकटीचा अडकतो का शेजारच्या दोघांचापण? त्या म्हणाल्या, तिघांचा एकदम.

अर्धं उत्तर तिथंच मिळालं. तीन वेगवेगळ्या मशीन, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या, आणि त्या एकाच क्षणाला बिघडतात असं होत नसतं. तिन्ही मशीन मिळून कुणाची तरी वाट बघत बसलेल्या असतात. सोलापुरात मी गेली कित्येक वर्षं ऑफिसांचं नेटवर्किंग करतोय, नव्या पेठेतली दुकानं, सीए लोकांची ऑफिसं, फ्लेक्सवाले, कारखाने, आणि हीच गोष्ट परत परत बघतोय की माणूस फॉरमॅटला पैसे देतो, नव्या मशीनला पैसे देतो, आणि खरा प्रॉब्लेम जिन्यातल्या एका पिनमध्ये असतो. त्यामुळं जरा सविस्तर लिहितोय, घाई करू नका वाचताना.

आधी शेअरिंग म्हणजे नक्की काय होतं ते बघू. आपल्याकडं बहुतेक ऑफिसात एक मशीन असते तिला सगळे सर्व्हर म्हणतात, खरं तर ती साधीच मशीन असते, फक्त डेटा तिच्यावर असतो. तिच्यातला एक फोल्डर शेअर केलेला असतो आणि बाकीच्या मशीनवर तोच फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो. दिसायला अगदी आपल्याच हार्डडिस्कसारखा. गोंधळ इथंच होतो, कारण तुम्ही त्यातल्या फाईलवर डबलक्लिक करता तेव्हा तुमचं विंडोज एक निरोप तयार करतं, तो केबलमधनं स्विच म्हणजे केबली एकत्र जोडायचा डबा, राऊटर असं करत त्या मेन मशीनला जातो, ती मशीन फाईल उघडते, उत्तर पाठवते. ह्या निरोपांच्या भाषेला एसएमबी म्हणतात, आयबीएममध्ये १९८० च्या दशकात तयार झाली, पुढं मायक्रोसॉफ्टनं ती वाढवली आणि आज विंडोजचं सगळं फोल्डर शेअरिंग तिच्यावरच चालतं. एक फाईल उघडायला एकच निरोप पुरत नाही हे लक्षात ठेवा. फाईल आहे का, मला परवानगी आहे का, साईझ किती, आणखी कुणी उघडलीय का, हा तुकडा दे, पुढचा तुकडा दे, आता बंद कर, अशा बऱ्याच फेऱ्या होतात. चांगल्या केबलवर एक फेरी एका मिलिसेकंदाच्या आतच होते म्हणून आपल्याला काही जाणवत नाही.

जाणवतं कधी, तर उत्तर येत नाही तेव्हा. बरीचशी सॉफ्टवेअर अशी लिहिलेली असतात की फाईल मागितली की ती मिळेपर्यंत पुढची ओळ चालवायचीच नाही. आणि फाईल मागणारा आणि खिडकी रंगवणारा, बटण दाबलं की ऐकणारा, हा आतमध्ये एकच असतो बऱ्याचदा. एखाद्या छोट्या हॉटेलात कसं, एकच पोऱ्या असतो, तोच ऑर्डर घेतो, तोच पाणी ठेवतो, तोच टेबल पुसतो, आणि तो भटारखान्याच्या खिडकीपाशी चहाची वाट बघत उभा राहिला तर बाहेर गिऱ्हाईक कितीपण हाका मारू दे, कुणी येत नाही. पोऱ्याला काही झालेलं नसतं. आत गॅस संपलेला असतो. विंडोजचा नियम असा आहे की एखाद्या खिडकीनं साधारण ५ सेकंद हाकेला ओ दिली नाही की तिच्यावर नॉट रिस्पॉन्डिंग लिहायचं. म्हणजे ते शब्द म्हणजे सॉफ्टवेअर मेलं असं नाही, ओ देत नाहीये एवढंच.

आता पूर्ण कॉम्प्युटरच अडकल्यासारखा का वाटतो, तर त्याचं कारण एक्स्प्लोरर. फोल्डर दाखवणारं जे एक्स्प्लोरर आहे तेच तुमचा डेस्कटॉप आणि खालची टास्कबारपण दाखवतं. ते झेड ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघत बसलं की स्टार्ट बटण दाबलं जात नाही, डेस्कटॉपवर राईट क्लिक होत नाही, आणि माणूस म्हणतो आख्खी मशीन गेली. आणि मग पॉवर बटण दाबून धरतो. हे मात्र करू नका, निदान पहिली दोन मिनिटं तरी. डेटा मेन मशीनवर लिहायचा चालू असताना मधेच मशीन बंद केली तर अर्धी लिहिलेली फाईल तशीच राहते आणि अकाउंटचा डेटा खराब होण्याचं ते एक मोठं कारण आहे, हँग परवडला पण मार्चमधली खराब झालेली फाईल परवडत नाही.

मग ओळखायचं कसं की वाट बघतोय का खरंच बिघडलाय? माऊसचा बाण हलतोय का बघा. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबून त्याचा लाईट लागतोय-विझतोय का बघा. दोन्ही होत असेल तर मशीन आतनं जिवंत आहे. बाणच हलत नसेल, लाईटपण बदलत नसेल तर तो प्रकार वेगळा, रॅम, हार्डडिस्क, ड्रायव्हर, नाहीतर आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत तापलेला प्रोसेसर, त्याचा ह्या लेखाशी संबंध नाही. जिवंत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. सॉफ्टवेअर अडकलंय आणि सीपीयू २-३ टक्के, डिस्क जवळजवळ शून्य असं दिसलं तर समजा, मशीनला काम झेपत नाहीये असं अजिबात नाही, तिला कामच नाहीये, ती हात बांधून बसलीय. अशा मशीनमध्ये रॅम वाढवून काय होणार सांगा.

आणि सगळ्यात पक्की परीक्षा सांगतो. अडकलेल्या मशीनच्या मागची लॅन केबल काढा. नेटवर्कमुळं अडकली असेल तर बऱ्याचदा काही सेकंदात ती सुटते, एरर येईल, ड्राइव्ह सापडत नाही म्हणेल, पण खिडकी हलायला लागेल. ही परीक्षा वर्डची फाईल उघडताना, फोल्डर उघडताना अडकलं असेल तरच करा, अकाउंटमध्ये एंट्री सेव्ह होत असताना नका करू, कारण वर सांगितलंय तेच.

केबल काढल्यावर का सुटते, ह्यात खरी गंमत आहे आणि कारखान्यातल्या प्रॉब्लेमचं उत्तरपण ह्यातच होतं. केबल निघाली की मशीनच्या नेटवर्क कार्डला लगेच कळतं, रस्ताच बंद झालाय, आता वाट बघण्यात अर्थ नाही. पण केबल जागेवर असेल, कार्डाचा हिरवा लाईट चालू असेल, आणि पुढं कुठंतरी लांब रस्ता तुटला असेल, तर मशीनला ते कळत नाही. तिच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे, फक्त उत्तर यायला उशीर होतोय. मग ती निरोप परत पाठवते. उत्तर नाही. थोडं थांबून परत. प्रत्येक वेळी थांबायचा वेळ आधीच्या साधारण दुप्पट करत जाते, कारण रस्त्यात गर्दी असेल तर आपण आणखी गर्दी करू नये असा तो जुना शहाणपणाचा नियम आहे. त्यावर एसएमबीचा स्वतःचा थांबायचा वेळ आहेच, तो विंडोजमध्ये मुळात ६० सेकंद ठेवलेला असतो. म्हणून गंमत अशी होते की रस्ता दहा सेकंदच बंद होता तरी तुमची मशीन त्यापेक्षा जास्त वेळ अडकते, कारण रस्ता सुरू झाला तेव्हा ती पुढच्या प्रयत्नाची वेळ मोजत बसलेली असते.

कारखान्यात काय होतं, तर अकाउंटच्या खोलीत तीन मशीन आणि टेबलाखाली एक छोटा स्विच, हे सगळं यूपीएसवर. मालकांच्या केबिनमध्ये मेन मशीन, तीपण यूपीएसवर. आणि दोन्हींच्या मधे, जिन्याच्या वर भिंतीला लावलेला इंटरनेटचा राऊटर, त्याच्यातनंच इकडची केबल तिकडं गेलेली. तो राऊटर मात्र साध्या लाईटवर. मी अकाउंटच्या एका मशीनवर काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून मेन मशीनला पिंग चालू करून ठेवलं, पिंग टाईप करायचं, मग मेन मशीनचा आयपी म्हणजे नेटवर्कवरचा तिचा आकड्यातला पत्ता, मग स्पेस देऊन डॅश टी, म्हणजे ते थांबेपर्यंत दर सेकंदाला हाक मारत राहतं आणि एकेक ओळ येत राहते. सगळ्या ओळी एक मिलिसेकंदाच्या आतल्या, छान. चहा घेतला, बसलो. अडीचच्या सुमारास खाली शेडमधले माग परत सुरू झाले, ट्यूबलाईट एकदा लवली, फक्त लवली, गेलीपण नाही, आणि पिंगच्या ओळी रिक्वेस्ट टाईम्ड आऊट म्हणायला लागल्या. ताई म्हणाल्या, बघा झालं. मी जिन्यात जाऊन बघितलं, राऊटरचे सगळे लाईट विझून एकेक करून परत लागत होते. व्होल्टेज खाली आलं की तो रीस्टार्ट व्हायचा आणि पूर्ण उठायला त्याला मिनिटभर लागायचं. यूपीएसवरच्या मशीनना लाईट लवल्याचं कळलंच नव्हतं, त्यांच्या समोरचा छोटा स्विच चालूच होता, हिरवा लाईट चालूच होता, त्यामुळं तिघी शांतपणे वाट बघत बसल्या होत्या.

मालकांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. म्हटलं, मालक, कांडी संपली, बाणा तुटला की माग थांबतो, तेव्हा तुम्ही मागाची मोटर खोलत नाही, धागा कुठं तुटला ते बघता. इथं तुम्ही दोनदा मोटर खोललीत. त्यांना लगेच पटलं. एक एक्स्टेंशन ओढून राऊटर केबिनच्या यूपीएसवर घेतला, त्याला १२ व्होल्टचा छोटा अॅडॉप्टर असतो, यूपीएसला त्याचं ओझं जाणवतपण नाही. दुपारचं अडकणं त्या दिवशीच बंद झालं. तुमच्या ऑफिसात आज एकच गोष्ट बघायची असेल तर ही बघा, राऊटर आणि स्विचच्या पिना कुठल्या बोर्डात आहेत. सगळ्या मशीनना यूपीएस आणि मधल्या डब्याला नाही, ही चूक मला इतक्या ठिकाणी दिसलीय की आता मी आत गेल्यावर आधी तेच बघतो.

पण त्याच ऑफिसात आठ दिवसांनी परत फोन. आता दुपारी नाही, सकाळी, आणि फक्त डिस्पॅचच्या मशीनला, धिस पीसी उघडलं की हिरवी पट्टी वरती हळूहळू सरकत राहते. एकच मशीन अडकतीय म्हणजे कारण त्या मशीनमध्येच किंवा तिच्या केबलमध्ये, हे लगेच ठरलं. उघडून बघितलं तर झेड ड्राइव्हच्या शेजारी वाय ड्राइव्हपण, लाल फुली मारलेला. विचारलं, हे काय? तर जुनी एक मशीन होती, दोन वर्षांपूर्वी भंगारात दिली. मशीन गेली पण तिचा पत्ता ह्या मशीनमध्ये राहिला, आणि धिस पीसी उघडलं की विंडोज बिचारं त्या नसलेल्या मशीनला शोधायला जायचं. आधी नावावरनं पत्ता शोधायचा, राऊटरला विचारायचं, नाही मिळाला तर सगळ्या नेटवर्कवर ओरडून विचारायचं, ह्या नावाचं कुणी आहे का, आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं थांबायचं. पत्ता आकड्यातच लिहिलेला असेल तरी कनेक्शन जोडायचे प्रयत्न होतात, दर वेळी थांबायचा वेळ वाढवत, म्हणजे झाले साधारण वीस-एकवीस सेकंद, आणि एवढं होऊन तिथं कुणी नाहीच.

असले मेलेले पत्ते फक्त ड्राइव्हमध्येच नसतात. डेस्कटॉपवरचा एखादा शॉर्टकट जुन्या मशीनवरच्या फाईलचा असतो. एक्स्प्लोररच्या डाव्या बाजूला क्विक अॅक्सेसमध्ये जुना फोल्डर पिन केलेला असतो. एक्सेलच्या एखाद्या शीटमध्ये दुसऱ्या शीटची लिंक असते आणि ती शीट बंद पडलेल्या मशीनवर असते, फाईल उघडली की एक्सेल तिकडं जाऊन थांबतं. सेव्ह ॲज केलं की गेल्या वेळचा फोल्डर उघडायला जातं आणि तो नेटवर्कवरचा असतो. आणि एक जण तर कुणाच्या लक्षातच येत नाही, डिफॉल्ट प्रिंटर. दुसऱ्या मशीनवर शेअर केलेला प्रिंटर डिफॉल्ट असेल आणि ती मशीन बंद असेल तर नुसती फाईल उघडतानापण सॉफ्टवेअर अडकू शकतं, कारण पानाची साईझ, मार्जिन हे बऱ्याचदा ते प्रिंटरला विचारून ठरवतं. तुम्हाला प्रिंट काढायचीच नसते तरीपण.

हे साफ करायला पाच मिनिटं लागतात. नको असलेल्या ड्राइव्हवर राईट क्लिक करून डिस्कनेक्ट. तेच करताना अडकत असेल तर काळ्या खिडकीत नेट यूज टाईप करून एंटर मारा, सगळे जोडलेले ड्राइव्ह आणि त्यांचे पत्ते यादीसारखे येतात, मग नेट यूज, स्पेस, ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन, स्पेस, स्लॅश डिलीट. लाल फुली दिसली म्हणजे प्रत्येक वेळी ड्राइव्ह मेलाय असं मात्र समजू नका, १५ मिनिटं कुणी वापरला नाही की मेन मशीन स्वतःच कनेक्शन सोडून देते, परत उघडला की जोडलं जातं.

आता पत्त्याचाच दुसरा प्रकार. बऱ्याच ऑफिसात मेन मशीनला आयपी राऊटर देतो. राऊटर रीस्टार्ट झाला की तो तिला वेगळा आयपी देऊ शकतो, काल शेवटी ५ होता आज ९ झाला, आणि बाकीच्या मशीन ५ लाच शोधत बसतात. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन मेन मशीनला एकच आयपी कायमचा राखून ठेवायचा. कुणी हातानं आयपी टाकतात आणि तोच आयपी राऊटर दुसऱ्या एखाद्या मोबाईलला देऊन बसतो, मग एका पत्त्यावर दोघं, निरोप कधी ह्याच्याकडं जातो कधी त्याच्याकडं, आणि असं अडकणं फार त्रासदायक असतं कारण ते त्या मोबाईलवाल्याच्या येण्या-जाण्यावर चालतं. रोज ठराविक माणूस आला की प्रॉब्लेम सुरू होतो असं वाटत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, हे तपासा.

मेन मशीनची झोप. ती साधी मशीन असते, तिच्यावर कुणी बसलं नाही की तिच्या सेटिंगप्रमाणं ती स्लीपमध्ये जाते, शेअरिंग बंद. पूर्ण झोपली नाही तरी तिची फिरणारी हार्डडिस्क बंद होते, बहुतेक मशीनमध्ये मुळात २० मिनिटं ठेवलेली असतात, आणि परत फिरायला लागेपर्यंत काही सेकंद जातात. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिलीच फाईल उशिरा उघडते ती ह्यामुळं. पॉवर ऑप्शनमध्ये दोन्ही नेव्हर करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाला वीज वाचवायला बंद करायची जी परवानगी दिलेली असते ती खूण काढून टाका.

केबलबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला पाहिजे, कारण आपल्याकडं केबलला कुणी किंमतच देत नाही. लॅन केबलमध्ये ८ तारा असतात, ४ जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही. म्हणजे उंदरानं एक तार कुरतडली किंवा पिन नीट दाबली गेली नाही तर बऱ्याचदा नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं, आणि कुणाला कळतच नाही. कळायला नेटवर्क कार्डाचं स्टेटस उघडून स्पीड बघा. फरक किती पडतो, तर १०० वर सेकंदाला फार तर ११-१२ एमबी जातात, जॅकार्डच्या डिझाईनची किंवा फ्लेक्सची ३०० एमबीची फाईल उघडायला २५ सेकंदांच्या वर लागतात आणि तेवढा वेळ सॉफ्टवेअर नॉट रिस्पॉन्डिंग दाखवू शकतं. १००० वर तीच फाईल तीन-चार सेकंदांत. इथं कुणी अडकलेलं नाहीये, नुसतं वाहतंय, पण दिसायला दोन्ही सारखंच. त्याहून वाईट म्हणजे सैल पिन, जी कधी लागते कधी सुटते. आणि कारखान्यात केबल मागाच्या मोटरच्या वायरींबरोबर एकाच पाईपमधनं नेलेली असते, मोटर सुरू होताना त्या वायरींमुळं केबलमध्ये गडबड होते, निरोप खराब होतात, परत पाठवायला लागतात. लाईटच्या वायरीपासनं लांबनं केबल न्या, एका ओढीला १०० मीटरच्या वर नेऊ नका, आणि शेडमध्ये स्विच ठेवायचाच असेल तर बंद डब्यात ठेवा, सुताची धूळ त्याच्या जाळीत बसते आणि एप्रिल-मेमध्ये तो आतल्या आत भाजतो.

वायफायवर शेअर केलेला डेटा चालवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, मोबाईलसाठी ठीक आहे, डेटासाठी केबल टाका. स्पीड कमी म्हणून नाही, प्रत्येक फेरीला लागणारा वेळ जास्त आणि अनिश्चित म्हणून. हिशेब करून बघा. लग्नाच्या फोटोंचा एक फोल्डर, ५००० फोटो. एका फोटोला तीन फेऱ्या धरल्या आणि वायफायवर एक फेरी ५ मिलिसेकंदाची धरली तर ७५ सेकंद झाले, आणि अजून एकपण फोटो उघडलेला नाही. केबलवर अर्ध्या मिलिसेकंदानं तेच साडेसात सेकंद. त्यात फोल्डरमध्ये छोटे छोटे फोटो दिसतात ना, ते दाखवायला एक्स्प्लोरर प्रत्येक फाईल नेटवर्कवरनं वाचून बघतं. असल्या फोल्डरचा व्ह्यू डिटेल्सवर ठेवा, लगेच फरक पडतो.

एक जरा अवघड कारण आहे पण समजून घेण्यासारखं. तुम्ही एकट्यानंच फाईल उघडली असेल तर मेन मशीन तुम्हाला सांगते, सध्या दुसरं कुणी नाही, तू बदल तुझ्याकडंच ठेव, मला प्रत्येक वेळी विचारू नको. ह्यामुळं काम वेगात होतं. मग शेजारच्यानं तीच फाईल उघडली की मेन मशीन आधी तुम्हाला सांगते, तुझ्याकडचं आधी माझ्याकडं जमा कर, आणि तोवर शेजारच्याला थांबवते. आता तुमचा लॅपटॉप झाकण लावून झोपलेला असेल तर जमा कोण करणार? मेन मशीन साधारण ३५ सेकंद वाट बघते आणि मग तुमचा हक्क काढून घेते. तेवढा वेळ शेजारचा अडकतो आणि स्वतःच्या मशीनला शिव्या देतो. ऑफिसातनं उठताना फाईल बंद करून लॅपटॉपचं झाकण लावा, एवढंच ह्यावर औषध आहे.

स्विचचे सगळेच्या सगळे लाईट एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि आख्खं ऑफिस अडकलं असेल तर एक केबल शोधा जिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये किंवा दोन स्विचमध्ये दोनदा लावलीयत. साफसफाईनंतर सुटलेली केबल दिसली म्हणून कुणीतरी लावून टाकतं. निरोप गोल गोल फिरत राहतात आणि खऱ्या कामाला जागाच राहत नाही.

साध्या विंडोजवर एका वेळी २० पर्यंतच कनेक्शन शेअरिंगला चालतात, मोठं ऑफिस असेल तर नॅस म्हणजे नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, नाहीतर खरा सर्व्हर घ्यावा लागतो. आणि अँटीव्हायरस दोन्हीकडं तीच फाईल तपासत असेल तर वेळ दुप्पट जातो, पण म्हणून अँटीव्हायरस बंद करू नका, फार तर अकाउंटच्या डेटा फोल्डरपुरती सूट सॉफ्टवेअरवाल्याला विचारून द्या.

इथं एका सल्ल्यापासनं सावध करतो. शेअरिंग चालत नाही म्हटलं की कुणीतरी सांगतं, एसएमबी वन, म्हणजे एसएमबीची जुनी आवृत्ती, चालू करा, चालेल. चालेलही. पण २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, लोकांच्या फाईली कुलूपबंद करून पैसे मागत होता, तो ह्याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातनं एका मशीनमधनं दुसऱ्या मशीनमध्ये आपोआप जात होता. त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासनं नव्या इन्स्टॉलेशनमध्ये त्या आवृत्तीचा फोल्डर शेअर करणारा भाग मुळात येतच नाही, आणि ते बरोबर केलंय. विंडोज ११ च्या २४ एच २ ह्या अपडेटमध्ये तर बिना पासवर्डचं शेअरिंगपण अडतं, नवी मशीन आणली आणि जुना फोल्डर उघडेना झाला तर बहुतेक हेच असतं. त्यावर सुरक्षा काढून टाकण्यापेक्षा मेन मशीनवर प्रत्येकासाठी युजर आणि पासवर्ड बनवा. आणि झेड ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, एका मशीनमध्ये असला व्हायरस घुसला तर तो झेड ड्राइव्हपण आपलाच समजून कुलूप लावतो. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा.

मला बोलवा किंवा दुसऱ्या कुणाला बोलवा, त्याच्या आधी चार दिवस एक काम करा. कागदावर लिहून ठेवा, किती वाजता अडकलं, कोणाकोणाचं अडकलं, तेव्हा कुठली फाईल किंवा फोल्डर उघडत होता, किती वेळानं सुटलं, लाईट लवली का. त्या ताईंनी नंतर हे कॅलेंडरवरच लिहायला सुरुवात केली, आणि महिन्याभरानं त्यांनीच मला फोन करून सांगितलं, दादा, आता तिघांचं नाही होत, एकटीचंच होतंय, आणि खाली माल भरायला टेम्पो लागला की होतंय. टेम्पो मागं घेताना भिंतीला टेकतो आणि त्याच भिंतीवरनं त्यांची केबल गेलीय. जाऊन बघितलं, बाहेरचं काळं कव्हर एका जागी चेपून फाटलंय, आतल्या दोन तारा दिसतायत. सध्या टेप मारून आलोय, पाऊस लागायच्या आत ती ओढ आतल्या बाजूनं बदलायची ठरलीय.